जस्त

सगळं ठरल्यावर, किल्ली हातात यायच्या जरा आधी
ते तुम्हाला एका लहान खोलीत नेतात.
बफेलोत, शेरिडन ड्राइव्हवर, नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी
त्या खोलीत डॅरिल कोवाल्चिक होता,
टायवर वाळलेल्या सॉसचा ठिपका,
आणि टेबलावर गाडीच्या दाराचा कापलेला तुकडा:
अर्धा चकचकीत, अर्धा भाजल्या वांग्यासारखा सोललेला.

"इथे रस्त्यावर मीठ टाकतात, मॅडम," तो म्हणाला,
जणू अकरा हिवाळे मी दुसरीकडेच काढले होते.
"अकराशे पंच्याण्णव. कर्जात घातले तर महिन्याला बावीस फक्त.
तेवढ्यात तर धड पिझ्झाही येत नाही."

मोह झाला. खोटं कशाला बोलू.
आधीच्या गाडीत माझ्या पायाखाली भोक होतं,
आधी रुपयाएवढं, मग बशीएवढं,
शेवटी त्यावर केकचा ट्रे ठेवून चालवायचे.
मृण्मयी ट्रे सरकवून शेंगांची टरफलं खाली टाकायची
आणि मागे वळून बघायची, पळणाऱ्या रस्त्यावर ती कशी दिसतात.

फोन करून येते म्हटलं, बाहेर आले.
शिरोळीत पहाटेचे साडेपाच. बाबा जागेच.
एकतीस वर्षं गॅल्व्हनायझिंगच्या हौदावर उभा राहिलेला माणूस,
नखांचा रंग अजून परत आलेला नाही.

"पत्र्याला जस्त आहे का, विचार."
"आहे. दोन्ही बाजूंनी."
"मग जास्त कशाला?"
स्वतःच्याच कोटीवर हसले, मग बराच वेळ खोकले.
"वरून डांबर फासणार, दाराखालची भोकं बुजवणार.
अगं, ती भोकं चुकून नाहीत ठेवलेली.
पाणी आत येणारच. त्याला जायला वाट हवी.
आणि जस्ताचं काम निराळं.
ओरखडा पडला की ते आधी स्वतः झिजतं,
लोखंडाला कळतही नाही
आपल्या वाटचं कुणी…"

वाक्य तिथेच राहिलं.
तिकडे कुकरची शिट्टी झाली.
मार्चपासून भात तेच लावतात, अजून पाणी जास्त होतं.
"थांब, गॅस बंद करतो," म्हणाले,
आणि मी थांबले, पार्किंगमध्ये,
शंभर नव्या गाड्यांवर भुरभुरणाऱ्या बर्फात.

आत येऊन हमीचा कागद वाचला. चार पानं.
गंज म्हणजे आतून बाहेर आरपार भोक.
आरपार नसेल तर तो गंज नव्हे,
'पृष्ठभागावरील बदल'.
दरवर्षी तपासणी, त्याच महिन्यात, त्याच दुकानात,
एक चुकली की सगळं रद्द.
कंपनीची हमी आहेच ना, विचारलं. पाच वर्षं, आरपारची?
डॅरिल पेनचं टोपण लावत-काढत राहिला.

"नको," म्हटलं.
तो रागावला नाही. दार लोटून घेतलं, आवाज उतरवला.
"माझ्या ट्रकला मी दर ऑक्टोबरात तेल मारून घेतो,
लॅकावानात, मामाच्या गॅरेजमध्ये. एकशे चाळीस.
दोन दिवस ठिबकतं, घाण वास येतो.
पण मी हे बोललो नाही."
मीही ऐकलं नाही म्हटलं,
आणि पत्ता पावतीच्या मागे लिहून घेतला.

आता फेब्रुवारी. रस्ते पांढरे, बर्फाने नव्हे.
रविवारी गाडी खालून धुऊन घेते, सात डॉलर.
बरोबर केलं की चूक, ते कळायला दहा वर्षं आहेत;
बावीस डॉलर मात्र दर महिन्याला कुठेतरी जातातच.
धुऊन झाल्यावर गुडघ्यावर बसते,
ओल्या काँक्रीटवर, लोक बघतात,
आणि चारही दारांखाली हात धरते.
तीन ठिबकतात.
चौथं गोठलेलं असतं,
त्यावर तळवा ठेवून बसते थोडा वेळ.